उन्हात चालणार कोण? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पायी फिरता येईल अशा वस्त्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तिथे चालणार कोण; फूटपाथ बांधला की टपऱ्या आणि मोटारसायकली त्यावर येतात; त्यापेक्षा रस्ते रुंद करा.

चालणारे आजही आहेत. यंत्रमागावर जाणारे कामगार, वळलेल्या विड्या पोचवायला निघालेल्या बायका, शाळेची पोरं ऊन आहे म्हणून घरी बसत नाहीत. उलट ऊन इतकं आहे म्हणूनच सावली आधी आणि फरशी नंतर, असं माझं ठाम मत आहे.

सावलीचं गणित रस्त्याच्या दिशेवर ठरतं. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा इमारतीची सावली मिळत नाही, झाडाचीच मिळते. दक्षिणोत्तर रस्त्यावर चार वाजता पश्चिमेकडच्या घरांची सावली त्यांच्याच फूटपाथवर पडते आणि पूर्वेकडचा फूटपाथ तापत राहतो. पैसे कमी असतील तर झाडं आधी तिथे लावा. पूर्व-पश्चिम रस्त्याला दोन्ही बाजूंना लागतात. कडुनिंब किंवा करंज, ८ ते १० मीटरवर एक. गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. आळं किमान १.२ मीटर चौरस आणि उघडं हवं. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, झाड खुरटतं. फूटपाथचा उतार आळ्याकडे दिला तर पावसाचं पाणीही तिथेच मुरतं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं. त्याची तरतूद लावणीच्या निविदेतच हवी.

फूटपाथ ओस पडतो तो बहुतेक वेळा गेटांमुळे. प्रत्येक गेटसमोर तो खाली उतरतो, पुन्हा चढतो. गुडघे दुखणारा माणूस चार गेटांनंतर रस्त्यावरूनच चालू लागतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५ सेंमीपेक्षा जास्त नको. चालण्याची पातळी सलग ठेवून गाडीसाठीचा उतार कडेच्या पट्ट्यातच बसवायचा. गाडी ओलांडते तिथे पेव्हर ब्लॉक ६० ऐवजी ८० मिमी जाडीचे. खाली काळी माती असेल तर ती काढून मुरूम किंवा खडीचा थर दाबून घ्यावाच लागतो. नाहीतर ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि ब्लॉक वरखाली होतात.

टपऱ्यांचं म्हणाल तर पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा त्यांना जागा ठरवून द्यायला सांगतो. झाडांच्या मधला पट्टा त्यांना आखून द्या. भाजीवाली असली की रस्ता संध्याकाळी सुना पडत नाही, बायकांना तिथून जायला धीर येतो. मोटारसायकलींवर मात्र फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवणं हा उपाय नाही. चाकाच्या खुर्चीला ९० सेंमी फट ठेवावी लागते, तीतून दुचाकीही जाते. तिथे आखलेलं पार्किंग आणि दंडच लागतो.

आता रुंदीकरण. १२ मीटरचा रस्ता घ्या. ३ मीटरच्या दोन मार्गिका, उरले ६. दोन्ही बाजूंना १.८ चालायला, १.२ झाडं-हातगाड्यांना. हिशेब बसला. तेच १२ मीटर सगळे डांबराला दिले तर वेग वाढतो, कडेला गाड्या उभ्या राहतात आणि ओलांडायला साध्या चालीनेही १० सेकंद लागतात, म्हाताऱ्या माणसाला त्याहून बरेच जास्त.

सोलापूरच्या चाटी गल्लीसारख्या अरुंद ठिकाणी तर फूटपाथ बांधूच नये. तिथे सगळी गल्ली एकाच पातळीची ठेवा, वाहनं चालणाऱ्याच्या वेगाने जाऊ द्या. आणि नवं डांबर टाकताना जुना थर आधी खरवडून काढा. नाहीतर रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं.