मामांचं खोकं आणि दहा कोटींचा रुपया

गेल्या रविवारी अमळनेरला मामांकडे गेलो, तर ओसरीवर केळीचं पुठ्ठ्याचं खोकं गच्च भरून, सुतळीने बांधून ठेवलेलं. आत टपाल तिकिटांचे आणि नाण्यांचे कॅटलॉग, मुंबईच्या विक्रेत्यांच्या जुन्या दरयाद्या, टपाल खात्याची माहितीपत्रकं. रद्दीवाल्याला निरोपही गेला होता. मामा पंचाहत्तरीचे, चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी हे जमवलंय. मी म्हटलं, "मामा, हे काय चाललंय?" त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हाई वाच. आते काय कामनं शे सगळं?"

तो मेसेज माझ्याही तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. मी न वाचताच सोडून दिला, ही माझी चूक. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंटरनेटने छापील कॅटलॉग संपवले, जगात आता कोणी ते छापत नाही. त्यातल्या किमती चुकीच्या असतात. मोबाइलने फोटो काढला की नाण्याची, तिकिटाची खरी किंमत लगेच कळते. नव्या पिढीला या छंदात रस नाही, म्हणून घरातले कॅटलॉग रद्दीत घाला. आणि शेवटी: 1885 चा एक रुपया दहा कोटींना गेला, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं, तुमच्याकडे असेल तर खालच्या नंबरवर फोटो पाठवा.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण खरा घात तिथे आहे.

1885 चा रुपया म्हणजे राणीछाप कलदार. चांदीचं नाणं, वजन 11.66 ग्रॅम. सराफ जुना तोळा म्हणून जे वजन सांगतात ते हेच, या रुपयाचंच. खानदेशात कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाला हे रुपये ताम्हणात मांडतात, आजीच्या पेटीत एखादा तरी निघतो. मामांच्या खोक्यातला क्राउझचा नाण्यांचा जाडजूड कॅटलॉग मी तिथेच उघडला. या रुपयाचा त्यातला क्रमांक केएम 492. खाली वर्षांची रांग, प्रत्येक वर्षापुढे नाणं किती झिजलंय त्यानुसार वेगवेगळी किंमत. त्या रांगेत 1885 हे इतर वर्षांसारखंच एक साधं वर्ष आहे. किमती जुन्या आहेत, मान्य. पण जुनी किंमत वाचूनसुद्धा माणसाला कळतं की हे नाणं चांदीच्या भावाच्या आसपासचं आहे, कोटींचं नाही. आणि वैष्णोदेवीचं नाणं 2012 सालचं, चलनात आलेलं. नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन विचारा, तो दहा लाखांचा आकडा ऐकून तुम्हाला बसवून पाणी देईल आणि काळजीने विचारेल की कोणाला पैसे तर पाठवले नाहीत ना.

कारण लोक पाठवतात. आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी पाठवले. असाच मेसेज, असाच नंबर. नाण्याचा फोटो पाठवल्यावर अर्ध्या तासात रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, अशोकस्तंभ छापलेलं "प्रमाणपत्र" आलं. मग नोंदणीचे 1,150 रुपये मागितले. ते भरले तर जीएसटीचे साडेआठ हजार. तेही भरल्यावर इन्शुरन्स. तिथे त्यांच्या मुलाला कळलं म्हणून थांबलं. त्या बाईंनी ते पैसे भिशीतून उचलले होते. दोन महिने त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने याबद्दल 4 ऑगस्ट 2021 रोजी स्वतः पत्रक काढलंय. त्यात स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने असे पैसे घ्यायचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा माणसाला दिलेला नाही. याहून उघड काय सांगायचं? तरी मेसेज फिरतोच आहे, आणि तो फिरवणारे आपलेच भाऊबंद आहेत.

आता नीट बघा, हा मेसेज आधी कॅटलॉग रद्दीत घालायला सांगतो आणि मग नाणं विकायला सांगतो. घरात कॅटलॉग असला तर माणूस पान उलटून बघेल आणि गप्प बसेल. तो गेला की समोरचा सांगेल तीच किंमत. हे मुद्दाम रचलंय की योगायोगाने जुळलंय, मी सांगू शकत नाही. पण नुकसान तेवढंच होतं.

दुसरा मुद्दा फोटोचा. मामांच्या वहीतलं एक उदाहरण देतो. स्वातंत्र्यानंतर आपली तिकिटांची पहिली नेहमीच्या वापराची मालिका 15 ऑगस्ट 1949 ला आली, सोळा तिकिटं, सगळी पुरातन वास्तू-शिल्पांवर. सगळ्यात स्वस्त तीन पैचं, त्यावर आपल्या अजिंठ्याचा हत्ती. त्यातच एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट आहे. छापताना मूर्तीचं चित्र उलटं पडलं, आरशात दिसतं तसं. चूक लक्षात आल्यावर जुलै 1950 मध्ये सुलट चित्राचं तिकीट निघालं. रंग तोच, किंमत तीच. मामांनी दोन्ही शेजारी शेजारी लावलीत. मी मोबाइलने दोन्हींचे फोटो काढून शोधले, दोन्हींना एकच उत्तर आलं: भारत, एक आणा, 1949.

स्टॅनली गिबन्स या इंग्लंडमधल्या तिकीट-व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये उलट्याचा क्रमांक 312 आहे आणि सुलट्याचा 333. मधल्या जागेत मालिकेतली उरलेली बारा तिकिटं, मग जागतिक टपाल संघाच्या पंचाहत्तरीची चार, मग 26 जानेवारी 1950 ची प्रजासत्ताकाची चार. म्हणजे नुसता क्रमांक वाचला तरी कुठलं आधी आलं, कुठलं नंतर, मध्ये देशात काय काय घडून गेलं, हे कळतं. दोन्ही तिकिटं लाखांची नाहीत. पण ती दोन आहेत, एक नाही, हे सांगायला कोणीतरी भिंग घेऊन बसलं, लिहून काढलं आणि छापलं. कॅटलॉग म्हणजे हे काम. किंमत त्यातला एक रकाना फक्त.

आणि इंटरनेटवर तरी काय आहे? नाण्यांची कुठलीही चांगली साइट उघडा, खाली केएम नंबर दिलेला असतो. त्यातला के म्हणजे क्राउझ, एम म्हणजे मिश्लर, 1972 पासून ज्यांनी हा कॅटलॉग छापला ते दोघं. तिकिटांच्या लिलावात एसजी, म्हणजे स्टॅनली गिबन्सचा नंबर, नाहीतर स्कॉट या अमेरिकन कॅटलॉगचा नंबर. स्क्रीनवर जे दिसतं ते याच पुस्तकांवर उभं आहे.

"जगात आता कोणी छापत नाही" हेही खोटं. गिबन्सची पहिली दरयादी 1865 ची, स्कॉटची 1868 ची. दोन्ही नावांचे कॅटलॉग आजच्या काळातही छापून निघतात. आणि सगळं पाप इंटरनेटच्या माथी मारायचं तर तारखा तरी बघा. अमेरिकेत हीथकिट नावाची कंपनी रेडिओ, टीव्ही घरी जोडायचे संच कॅटलॉगवरून टपालाने विकायची, हौशी लोकांचं ते दैवत. तिने संच विकणं 1992 मध्ये थांबवलं. तिथल्याच सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीचा घरोघरी जाणारा जाडा कॅटलॉग 1993 मध्ये बंद झाला. तेव्हा सामान्य माणसाच्या घरात इंटरनेट कुठे होतं? आपल्याकडे तर दरयाद्या बंद पडायला कागद आणि टपालखर्चही तेवढेच कारण आहेत. मामा व्ही.पी.ने तिकिटं मागवायचे, पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. पुस्तकं स्वस्तात नोंदणी करून पाठवायची टपालाची सोयसुद्धा डिसेंबर 2024 मध्ये गेली.

तरी जे खरं आहे ते मला कबूल करावं लागेल. क्राउझचा तो जागतिक नाण्यांचा कॅटलॉग आता दरवर्षी निघत नाही. तो छापणारी कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली. मामांकडे आहे तोच यापुढे वापरायचा. छापील किंमत पुस्तक हातात येईपर्यंत शिळी होते, हेही खरं, आणि चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत तर फारच. शिवाय गिबन्स स्वतः व्यापारी, त्याच्या कॅटलॉगमधली किंमत म्हणजे तो ज्या भावाने विकेल ती. मामा विकायला गेले तर तेवढे कोणी देणार नाही. आजचा भाव बघायला झालेले लिलाव मोबाइलवर शोधावेत, मीही तेच करतो. पण आधी आपल्या हातात काय आहे ते पुस्तकात ओळखायचं, मग भाव शोधायचा. हा क्रम उलटा केला की फसायला होतं.

नाण्याच्या तारखेखालची खूण घ्या. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही एवढी गोष्ट मला मामांनी सहावीत असताना कॅटलॉगच्या पहिल्या पानांवर बोट ठेवून शिकवली. एसटीच्या तिकिटाचे सुटे पैसे हातात आले की अजूनही मी खालची खूण बघतो.

नव्या पिढीला रस नाही, या वाक्यावर जास्त लिहीत नाही. खोकं उघडल्यावर मामांची नात भिंग घेऊन तासभर अजिंठ्याचा हत्ती बघत बसली होती. शाळेची सहल तिथेच गेली होती, "हा हत्ती मी पाहिलाय का?" एवढंच ती विचारत होती.

रद्दीवाला आला, त्याला जुनी वर्तमानपत्रं देऊन पाठवला. खोकं मामांनी परत माळ्यावर चढवू दिलं नाही, म्हणाले, "खालेच राहू दे." क्राउझची शिवण सुटलीय, तो मी जळगावला बाइंडिंगला आणलाय. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या 4 ऑगस्ट 2021 च्या पत्रकाचा उल्लेख टाकावा. आणि कोणी आधीच पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. वहिनींनी दोन महिन्यांनी केला, फार उशीर झाला होता.