एकच फेडरेशन, दोन वेगळे खो-खो

‘विश्वचषक जिंकला, आता खो-खो फेडरेशन ऑफ इंडियाने शाळेपासून जलद खो-खोच खेळवावा’ हे एका लेखातलं म्हणणं घाईचं वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपले दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, पण ते मॅटवर, सात-सात खेळाडूंत, सात मिनिटांच्या पाळीत. जिल्ह्याच्या मैदानात आजही नऊ जण, नऊ मिनिटं आणि माती.

फरक नुसता आकड्यांचा नाही. आठ जण बसलेले असतात तेव्हा संरक्षक त्यांच्यामधून नागमोडी धावत, म्हणजे साखळी घालत, मिनिटं खातो. सहाच बसले की साखळी आखूड होते, खांब लवकर येतो. त्यात वझीर, म्हणजे जलद खो-खोतला खास आक्रमक, दोन्ही दिशांनी धावू शकतो! नेहमीच्या आक्रमकाने एकदा दिशा घेतली की त्याला खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरता येत नाही, आणि संरक्षकाचा सगळा अंदाज त्यावरच उभा असतो. मातीत घोटवलेली ही सवय वझीरासमोर एका हुलीत मोडते.

खांब मात्र दोन्ही खेळांत लागतोच, म्हणून फेडरेशनने आधी त्याच्याकडे पाहावं. उंची १२० ते १२५ सेंमी, व्यास ९ ते १० सेंमी, गुळगुळीत, वरची कड बोथट. खांब जरा जरी हलला तर त्याला धरून सूर मारणाऱ्याचा खांदा जाऊ शकतो. मॅट मिळेल तेव्हा मिळेल, पक्का खांब प्रत्येक शाळेला आजच हवा. आणि पंचांना दोन्ही नियमावल्यांचं वेगवेगळं प्रशिक्षण द्या, एकाच दिवसात उरकू नका.