हॉप्स म्हणजे दुसरं ग्रेपफ्रूट नाही हो!

एक फॉरवर्ड फिरतोय की बिअरमधले हॉप्स (तिला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आतड्यातलं औषध पचवणारं एन्झाइम बंद पाडतात, म्हणून झोपेसाठी हॉप्सची कॅप्सूल घेतली की बाकीच्या गोळ्यांचा डोस अंगात डबल होतो, अगदी ग्रेपफ्रूटसारखा. अर्धवट माहिती आहे ही.

ग्रेपफ्रूटचं खरंय, ते आतड्याच्या पेशींमधलं सीवायपी३ए४ नावाचं औषध पचवणारं एन्झाइम निकामीच करून टाकतं, पेशी नवीन बनवेपर्यंत थांबा मग. हॉप्सचं गणित वेगळं आणि गंमत म्हणजे उलटंच, कारण त्यातलं कोल्युप्युलोन पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला चिकटतं आणि पेशी हेच एन्झाइम जास्त बनवायला लागते, म्हणजे परिणाम झालाच तर औषध कमी पडेल, डबल कुठून होणार? हॉप्समधलंच दुसरं एक द्रव्य, झँथोह्युमोल, सीवायपी१ए२ या औषध पचवणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं हे बरोबर, पण ते टेस्ट ट्यूबमध्ये, आणि बिअर बनवताना उकळीत त्यातलं बरंचसं आयसोझँथोह्युमोल होऊन जातं.

माणसांवर बघितलंय का? हो. २०२० साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाळी जाण्याच्या वयातल्या आणि त्यापुढच्या १६ बायकांना दोन आठवडे हॉप्सचा अर्क दिला, आधी आणि नंतर कॅफीन, अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी) धरून चार औषधं देऊन रक्त तपासलं, काळजी करण्याइतका फरक नाही. आता १६च जणी आणि एकच अर्क, त्यामुळे कशाबरोबरही बिनधास्त घ्या असंही कुणी फॉरवर्ड करू नका प्लीज. झोपेच्या गोळीवर हॉप्स घेतले तर गुंगी वाढू शकते, पण तो मेंदूचा मामला, आतड्याचा नाही.