जुन्या गाडीचा इन्शुरन्स काढताना प्रीमियम नंतर बघा, आधी आयडीव्ही बघा

मंडळी, कोणी पद्मिनी घेतली, कोणी काँटेसा उभी केली की ठरलेला मेसेज येतो, "दादा इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा काढू?" आणि खाली ॲपचा स्क्रीनशॉट, त्यात सगळ्यात स्वस्त पर्यायावर लाल गोल. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

कंपनी कुठली हा माझ्या मते तिसरा-चौथा प्रश्न. पहिला प्रश्न, पॉलिसीच्या कागदावर तुमच्या गाडीची किंमत काय छापलीय. म्हणजे आयडीव्ही, गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम.

माझ्याकडे प्रीमियर ११८एनई आहे, त्यामुळे तिच्यावरूनच बोलतो. या वयाच्या गाड्यांची गोची अशी की त्या ना नव्यात बसतात ना विंटेजमध्ये. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला व्हीए सिरीजचा नंबर, फी २० हजार, आणि २०२२ च्या दरपत्रकात अशा गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) प्रीमियम निम्मा. पण मग ती रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. एनई बाजारात आली १९८५ ला, म्हणजे २०३५ पर्यंत वाट बघा. बरं, इन्शुरन्सवाल्यांच्या जुन्या टॅरिफमध्ये (सगळ्या कंपन्यांसाठीची दर-नियमावली) विंटेजची व्याख्या आणखी वेगळी, ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट असलेली. ठरलेल्या किमतीची पॉलिसी, म्हणजे गाडी गेली तर घसारा न कापता ठरलेली रक्कम हातात, ही त्या टॅरिफनुसार फक्त त्या गाड्यांना. १९६५ ची हेराल्ड आरटीओत विंटेज होईल पण या व्याख्येत नाही, काय बोलणार!

मग आपल्यासारख्यांनी करायचं काय? तर त्याच टॅरिफमध्ये एक वाक्य आहे जे एजंट लोक सांगत नाहीत. घसाऱ्याचा तक्ता फक्त पाच वर्षांपर्यंत आहे, ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीचा आणि बंद पडलेल्या मॉडेलचा आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा. आणि एकदा ठरला की टोटल लॉसच्या, म्हणजे गाडी पूर्ण गेल्याच्या, वेळी तीच बाजारभावाची किंमत धरायची, वर्षभर पुन्हा घसारा नाही. म्हणजे नाव नसलं तरी ठरलेल्या किमतीच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी सोय तुमच्या हातात आहे, फक्त ती मागावी लागते. ॲप मागत नाही, ते गेल्या वर्षीच्या आकड्यातून थोडं कापतं आणि पुढे जातं, त्याच्या लेखी तुमची गाडी म्हणजे भंगारच.

कमी आयडीव्ही म्हणजे फक्त चोरी झाल्यावर कमी पैसे असं लोकांना वाटतं. खरी मेख वेगळी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्त होण्यासारखी असली तरी पूर्ण गेली असंच समजतात. समजा आयडीव्ही ४० हजार आहे, तर मर्यादा ३० हजार. जुन्या गाडीचं एक फेंडर, एक दरवाजा आणि त्यांचं पेंटिंग, एवढ्यात ३० हजार कधी जातात कळत पण नाही. तेच आयडीव्ही साडेतीन लाख असेल तर मर्यादा दोन लाख साडेबासष्ट हजार, तिथपर्यंत जायला गाडी खरंच चेपावी लागते.

एका मित्राच्या काँटेसाला सिग्नलवर मागून टेम्पो बसला. डिकीचं झाकण, मागचा बंपर, एक टेल लॅम्प. नुकसान मोजणारा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला, मोबाईलवर पॉलिसी उघडली, एस्टिमेटचा कागद बघितला आणि म्हणाला साहेब ही टोटल लॉसमध्ये जातेय. गाडी तेव्हा चालू होती, एसी सकट! मिस्त्री हसायलाच लागला. शेवटी सॅल्व्हेजची, म्हणजे ठोकलेल्या गाडीची आहे त्या अवस्थेतली, किंमत वजा करून आरसी मालकाकडेच ठेवायची अशी सेटलमेंट झाली म्हणून गाडी वाचली, हा पर्याय असतो हे लक्षात असू द्या, कारण नाहीतर गाडी कंपनीच्या हवाली करून तुम्ही तेवढ्याशा आयडीव्हीत दुसरी काँटेसा शोधत फिरणार, आणि ती मिळणार नाही.

तर रिन्यूअलला ॲप बंद करा आणि शाखेत जा. लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून किंवा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट, रिस्टोरेशनची बिलं, चारी बाजूंचे, इंजिन बेचे, खालून पत्र्याचे फोटो, चॅसी नंबरचा फोटो, एवढं घेऊन अंडररायटरला (कंपनीत पॉलिसीची रक्कम ठरवणारा माणूस) मेल टाका. एजंटला फोनवर सांगून काही होत नाही, तो हो हो म्हणतो आणि गेल्या वर्षीचाच आकडा टाकतो. काही कंपन्या सरळ नाही म्हणतील, मग दुसरीकडे जा, कंपनी निवडायचा निकष हाच. आणि आकडा खरा ठेवा, प्रेमापोटी दुप्पट लावलात तर क्लेमच्या वेळी प्रश्न निघणार.

प्रीमियम वाढतो ना? वाढतोच. जुन्या टॅरिफमध्ये १० वर्षांवरच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला पुणे-मुंबईसारख्या झोनमध्ये ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) दर आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, आता कंपन्या त्यावर आपापला डिस्काउंट देतात. थर्ड पार्टी या गटाला २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये, एनईचं ११७१ सीसी आणि पद्मिनीचं १०८९ सीसी दोन्ही यातच. ॲलॉय व्हीलवर ५० हजार घालवणारी माणसं इथे प्रीमियमच्या थोड्या फरकासाठी घासाघीस करतात, हे मला कधी कळलेलं नाही.

क्लेममध्ये काय मिळतं तेही बघून ठेवा. १० वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा, रबर-प्लास्टिक-टायर-बॅटरीवर पण ५०, काचेवर शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, आपल्याला कोणी देत नाही, त्याच्यामागे लागू नका. पण लेबरवर घसारा नसतो! आणि आपल्या गाड्यांचं निम्मं काम पत्रा ठोकण्याचंच असतं. त्यामुळे डेंटरला सांगा बिलात लेबर वेगळं, मटेरियल वेगळं लिही. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर २५ टक्के मटेरियल धरून त्यावर ५० टक्के कापतात. वहीच्या पानावर आकडा लिहून देणारा उस्ताद कारागीर असला तरी क्लेमला त्याचा कागद चालत नाही, ही आपली कायमची अडचण.

एकंदरीत माझं मत असं की ओरखडे-डेंटसाठी आपण इन्शुरन्स काढतच नाही, ते खिशातून करा आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) वाचवा. आपण काढतो तो अख्खी गाडी जाऊ नये म्हणून, चोरी, आग, पूर, मोठा अपघात. जुनं वायरिंग आणि जुने पेट्रोल पाइप ज्यांनी बघितलेत त्यांना आगीचं सांगायला नको. गाडी रिस्टोरेशनला दोन-दोन वर्षं उभी असेल तर नुसत्या आग-चोरीचा कव्हर पण जुन्या टॅरिफमध्ये होता, शाखेत विचारा, बऱ्याचदा समोरच्या पोराला माहीतच नसतो. मात्र रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी पाहिजेच, मोटार वाहन कायद्याचं कलम १४६.

अमेरिकेत या गाड्यांना वेगळ्याच पॉलिसी मिळतात, किंमत आधीच ठरलेली, अट एवढीच की गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवा, कमी चालवा, रोजच्या वापराला दुसरी गाडी असू द्या. आपल्यातल्या नव्वद टक्के लोकांची गाडी अशीच वापरली जाते, महिन्यातून दोन रविवार. तरी प्रीमियम रोज ऑफिसला जाणाऱ्याच्याच हिशोबाने. इथल्या एखाद्या कंपनीने हे नीट केलं तर निम्मे क्लब तिच्याकडे जातील.

दोन बाबी राहिल्या. इंजिन बदललं असेल, पद्मिनीत डिझेल वगैरे, तर आरसीवर चढवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तेच निघतं. आणि लग्नसराई. प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही, शूटिंगला पैसे घेऊन दिली तरी नाही, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगही नाही. रॅली नुसती मिरवणूक आहे की त्यात टाइम ट्रायल आहे ते आयोजकांकडून लेखी घ्या. पुतण्याच्या वरातीला फुकट देताय तर द्या, पण मांडववाल्याकडून पाकीट घेतलंत आणि वाटेत कुठे ठोकली तर कंपनी हात वर करणार, आणि मग "दादा आता काय करू" म्हणून मला मेसेज टाकू नका.