बादली मागू नये

मुंबईत दोन दिवसांचं काम आहे आणि डोंबिवलीच्या मावशीकडे उतरायचं नाही, असं तुम्ही ठरवलं असेल तर आधी अभिनंदन. तुम्ही एक पायरी वर चढलात. मावशीला मात्र याचा पत्ता लागू देऊ नका. लागलाच तर "कंपनीनंच बुकिंग केलंय गं, मला काही बोलताच येईना" हे वाक्य गाडीत बसल्या बसल्या पाठ करून ठेवा. आवाजात थोडी हळहळ हवी.

दादरच्या लॉजचंही नाव काढू नका. तिथे काउंटरवरचा म्हातारा "कुठलं गाव?" म्हणून विचारतो, आणि गाव सांगितलं की त्याला तिथला एक नातेवाईक आठवतो. असल्या ठिकाणी माणसाची प्रतिष्ठा राहत नाही. तुम्ही साखळी हॉटेलच घ्या. फार महाग नको, फार स्वस्त नको. नागपूर, पुणे, मुंबई, कुठेही झोपा, सकाळी डोळे उघडल्यावर तोच पांढरा पलंग, तोच तपकिरी पडदा आणि भिंतीवर तोच न कळणारा चौकोन दिसला पाहिजे. आपण कुठल्या गावात आहोत हे फोनमध्ये बघावं लागलं, की समजा, पैसे वसूल.

ही कल्पना अमेरिकेतली. १९५१ साली मेम्फिसचे केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन गाडीनं वॉशिंग्टनला निघाले. वाटेतल्या मोटेलांत खोली कशी निघेल याचा नेम नाही, आणि वर दर पोरामागे दोन डॉलर जादा. गृहस्थ तडकले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं हॉटेल काढलं, तेच हॉलिडे इन. सगळीकडे सारखी खोली, आणि आईबापांबरोबर झोपणाऱ्या पोरांचे पैसे नाहीत. आपल्याकडच्या साखळ्यांनी यातली सारखी खोली तेवढी मन लावून उचलली. पोरांचं काय झालं ते बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतं. ते वाचू नका, डोळ्यांना त्रास होतो.

जागा अंधेरी पूर्वेला घ्या, अंधेरी-कुर्ला रोडच्या आसपास. 'विमानतळापासून दहा मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त ही दहा मिनिटं पहाटे साडेतीनची आहेत. या रस्त्याच्या डोक्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते. तुमच्या नशिबात रस्त्याकडची खोली आली, तर खिडकी आणि डबा बरोबर समोरासमोर येतात. साकीनाक्याला निघालेला माणूस तुमच्याकडे बघतो, तुम्ही टॉवेलमध्ये त्याच्याकडे बघता. यालाच 'सिटी व्ह्यू' म्हणतात. मागची खोली मिळाली तर शेजारच्या इमारतीचे एसीचे डबे दिसतात. तोही सिटी व्ह्यूच.

आता दर. ४,४९९ रुपये. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे झाले ४,७२४. यात दिवस किती तासांचा मिळतो हे विचारू नका. लॉजवाल्याचा अडाणी दिवस चोवीस तासांचा असतो. साखळी हॉटेलात दुपारी दोनला आत, सकाळी अकराला बाहेर. उरलेले तीन तास खोली विश्रांती घेते. तुम्ही कोल्हापूरहून महालक्ष्मीनं आला असाल तर सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटीला उतरता, नवाच्या आत अंधेरीत पोचता आणि दोनपर्यंत लॉबीत बसता. बसावंच. 'अर्ली चेक-इन' मिळतं, पण त्याचे जादा पैसे ऐकल्यावर सोफा मऊ वाटू लागतो.

सोफ्यावर बसून भिंत बघा. भिंतीवर मुंबई असते. डबेवाला, सी लिंक, आणि काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची गेली. आता ती फक्त हॉटेलांच्या लॉबीत आणि कॉफीच्या मगांवर धावते, आणि तिथे भाडं नाकारत नाही.

काउंटरवर गेल्यावर मराठी बोलू नये. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. समोरच्या पोराच्या छातीवरच्या बिल्ल्यावर शंभर टक्के चिपळूणकडचं आडनाव असतं. तुमच्या आधार कार्डावर पत्ता राजारामपुरीचा असतो. तरी तो "गुड मॉर्निंग सर, वेलकम," म्हणतो आणि तुम्ही "आय हॅव अ बुकिंग," म्हणता. मध्येच कुणाला तरी शब्द सापडत नाही, मग दोघं मिळून हिंदीत उतरता, तीही दोघांची सारखीच. "सर, आधार का फोटो लेना पडेगा." फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते द्यावं, असलं काही सुचवू नका. तो मॅनेजरला बोलावेल, मॅनेजर आणखी इंग्रजी बोलेल. वर दोन हजारांचं डिपॉझिटही हसत द्या. ते परत येतं. पाच ते सात दिवसांत, 'वर्किंग' दिवसांत.

खोलीत शिरल्या शिरल्या दाराजवळच्या फटीत कार्ड खोचलं की दिवे लागतात. बाहेर जाताना कार्ड काढलं की एसी बंद, आणि परत आल्यावर खोली भाजलेली. यावर अनुभवी लोक फटीत दुसरंच काहीतरी खोचून जातात. माझा एक मित्र वाचनालयाचं जुनं कार्ड वापरतो. तो म्हणतो, या कार्डाचा इतका उपयोग त्याला वाचनालयातही झाला नव्हता.

टेबलावर पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या 'कॉम्प्लिमेंटरी' असतात. तिसरी फ्रिजमधली. तिची किंमत बघून ग्राहक म्हणून खवळू नका. छापील किमतीपेक्षा जास्त दरानं हॉटेलांना बाटलीबंद पाणी विकता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगून टाकलंय. कारण गिऱ्हाईक तिथे नुसतं पाणी प्यायला येत नाही, वातावरणाचाही लाभ घेतं. तेव्हा बनियनवर पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यावर टॉवेल टाकून, वातावरणाचा लाभ घेत घोट घोट प्या. रात्री खालच्या रेस्टॉरंटात बिलावर सर्व्हिस चार्ज दिसेल. तो सक्तीनं लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. हे सगळं माहीत असावं. बोलून दाखवू नये. शेजारच्या टेबलावर लोक असतात.

आणि आता मूळ मुद्दा. बाथरूममध्ये बादली नसते.

काचेची भिंत असते, छतातून पडणारा पाऊस असतो, आणि एक दांडा असतो. तो डावीकडे वळवला की चटका, उजवीकडे वळवला की महाबळेश्वर. मधली जागा सापडेपर्यंत साबण संपतो, कारण तो बिस्किटाएवढाच असतो. आपली आंघोळ म्हणजे बादली, मग आणि शेवटचा मग डोक्यावर ओतताना तोंडातून निघणारं काहीतरी. पण मागू नये. बादली मागितली की तुम्ही कोण, कुठले, तुमच्या वडिलांच्या घरी बंब होता की नव्हता, सगळं एका क्षणात उघड होतं. ४,७२४ रुपये भरून झाकलेलं असतं ते.

मी मागितली. गेल्या पावसाळ्यात, सहाव्या मजल्यावरच्या ६१४ मधून, आवाज खाली आणून. "वन बकेट प्लीज. अँड मग." पलीकडे दोन सेकंद शांतता. "शुअर सर. बकेट अँड मग, सिक्स वन फोर." तासाभरानं पुन्हा फोन केला. "सर, ऑन द वे." हॉटेलच्या भाषेत 'ऑन द वे' म्हणजे दिशा ठरलेली आहे, निघणं व्हायचंय. मी दांड्याशी झटापट करून आंघोळ उरकली आणि झोपलो.

रात्री दीडला कपाळावर थेंब पडला. एसी गळत होता, नेमका उशीवर. मी पलंग सरकवायला गेलो, तो भिंतीत ठोकलेला निघाला. खाली फोन केला आणि इंग्रजीत तक्रार करायला लागलो. झोपेत इंग्रजी फार उदात्त होतं. "देअर इज वॉटर कमिंग फ्रॉम द एसी अँड इट इज फॉलिंग ऑन माय फेस." पोरगा म्हणाला, "एक्स्ट्रीमली सॉरी सर, वन मोमेंट," आणि रिसीव्हर न ठेवताच कुणाला तरी ओरडला, "अरे, त्या सहाशे चौदाचा परत गळायला लागला बघ! त्यांची बादली कुठे ठेवलीस, ती घेऊन जा वर!"

ती 'परत' आणि ती 'त्यांची' ऐकून माझी झोप उडाली. पण मराठीत बोलावं असं मलाही सुचलं नाही. मी म्हणालो, "थँक यू."

पाच मिनिटांत बादली आली. निळी, प्लॅस्टिकची, कडीला काळ्या शाईत '६ वा मजला' लिहिलेली. मगासकट. माणसानं ती उशीच्या जागी ठेवली, मी पायथ्याकडे डोकं केलं, आणि पलंगाच्या पायाशी आडवी टाकलेली ती रंगीत पट्टी कशासाठी असते हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ती पांघरून मी टप टप ऐकत पडलो. सकाळपर्यंत बादली पाऊण भरली. पाणी छान गार होतं. आंघोळ झाली.

तुम्ही असं करू नका. तुम्ही सकाळी सातला नाश्त्याला जा. नाश्ता 'फ्री' असतो, म्हणजे ४,४९९ मधलाच असतो, म्हणून पोट फुटेस्तोवर खायचा. पोह्यांच्या झाकणावर पाटी असते 'फ्लॅटन्ड राइस विथ पीनट्स', तेव्हा तुम्हाला वाटेल काहीतरी वेगळं आहे. वेगळंच असतं. खोबरं नाही, लिंबू मागितलं तर विचारून सांगतात. जवळच इडल्या वाफेत बसलेल्या असतात, कधीपासून ते विचारू नये. दोन केळी खिशात घातलेली चालतात. मफिन पर्समध्ये ठेवताना बायकोनं इकडेतिकडे बघू नये, बघितलं की वाढपी बघतो.

अकराला पाच कमी असताना खाली या. एक मुलगा वर जाऊन फ्रिजमधल्या बाटल्या मोजेल, तोवर काउंटरवर ताठ उभं राहायचं. मीही राहिलो. तोच पोरगा होता, डोळे तांबारलेले, टाय नीट.

"हाऊ वॉज युवर स्टे, सर?"

"एक्सलंट," मी म्हणालो.

त्यानं एक चौकोनी कोड पुढे सरकवला. "सर, फाइव्ह स्टार प्लीज. इफ पॉसिबल, मेन्शन माय नेम." मी तिथल्या तिथे पाच तारे दिले आणि 'प्रॉम्प्ट सर्व्हिस' लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. गडबडीत कानाला लावताना बोट स्पीकरवर पडलं, आणि सगळ्या लॉबीत मावशीचा आवाज घुमला.

"अरे, हॉटेलात उतरलास म्हणे! आंघोळीला बादली तरी देतात का रे तिथे?"

"मावशी, आय विल कॉल यू लेटर," मी म्हणालो.

पोरगा मान खाली घालून माझं बिल पुन्हा एकदा छापायला लागला. खांदे हलत होते.