आठ विरुद्ध सात: नॉरिसच्या चॅम्पियनशिपबद्दल

फॉर्म्युला वनचा (एफ-वन) 2025 चा सीझन अबू धाबीला संपला, पण चाहत्यांमधलं भांडण काही संपत नाही. रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापनने वर्षभरात 8 रेस जिंकल्या, मॅकलारेनच्या लँडो नॉरिसने 7. तरी चॅम्पियन नॉरिस, 423 पॉइंट्स विरुद्ध 421, कारण चॅम्पियन ठरतो तो प्रत्येक रेसमधल्या नंबराप्रमाणे मिळणाऱ्या पॉइंट्सच्या बेरजेवर. मग कोणीतरी एक्सेलचा तक्ता टाकतं: अमुक सालच्या नियमाने हिशोब केला तर कोण, तमुक सालच्या नियमाने केला तर कोण. आणि तिथून पुढे मॅक्सवाले आणि लँडोवाले एकमेकांच्या घरच्यांपर्यंत पोचतात.

मी पहिल्यापासून मॅक्सचा चाहता. झँडव्होर्टची रेस संपली तेव्हा तो नॉरिसचा टीममेट पियास्त्री याच्या 104 पॉइंट्स मागे होता. तिथून उठून शेवटच्या रविवारी तो दोन पॉइंट्सवर येऊन थांबला. असा पाठलाग मी तरी पाहिलेला नाही. पण म्हणून नॉरिसची चॅम्पियनशिप खोटी किंवा उसनी ठरत नाही. ती शंभर टक्के त्याची आहे, आणि हे मला मॅक्सच्या चाहत्यांनाच सांगायचं आहे.

"जास्त रेस जिंकणारा चॅम्पियन" या नियमाने मॅक्स जिंकला असता, हे वाक्य हजार वेळा वाचलं. आता जरा आठवा, अबू धाबीला गाड्या ग्रिडवर उभ्या राहिल्या तेव्हा काय स्थिती होती. नॉरिस 7 विजय, पियास्त्री 7 विजय, व्हर्स्टापनही 7 विजय. तिघे बरोबरीत! विजयच मोजायचे असते तर त्या दिवशी तिघांनाही फक्त जिंकायचं होतं, बाकी कुठल्याच नंबराला किंमत नव्हती. प्रत्यक्षात नॉरिसला तिसरा नंबर पुरेसा होता. आधीचे 408 आणि तिसऱ्या नंबराचे 15, झाले 423. चौथा आला असता तर 420, आणि चॅम्पियनशिप मॅक्सची.

हे डोक्यात ठेवून रेस पुन्हा बघा. पहिल्याच लॅपला पियास्त्री बाहेरच्या बाजूने नॉरिसच्या पुढे गेला, आणि नॉरिसने जिवावर उदार होऊन त्याला अडवलं नाही. त्याची लढाई पुढच्या दोघांशी नव्हतीच, मागून येणाऱ्या लक्लेरशी होती. मधे मॅक्सचा टीममेट सुनोडा आडवा आला, डावी-उजवीकडे गाडी फिरवत त्याने वाट अडवली, तेव्हा मात्र नॉरिसने वेळ न दवडता त्याला पार केलं, कारण तिथे रखडला असता तर तिसरा नंबर हातचा गेला असता. कुठे दम खायचा आणि कुठे धोका पत्करायचा, सगळं त्या एका आकड्यावरून ठरत होतं. नियम दुसरा असता तर हाच माणूस पहिल्या कोपऱ्यापासून मॅक्सवर तुटून पडला असता. कदाचित दोघेही भिंतीत गेले असते आणि पियास्त्री चॅम्पियन झाला असता. कोण सांगणार?

एक्सेलमध्ये निकाल जुनाच राहतो आणि नियम तेवढा बदलतो. पण निकाल मुळात त्या नियमामुळेच तसा लागलेला असतो.

2008 ची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. शेवटच्या रेसला, ब्राझीलमधल्या इंटरलागोसला येताना मॅकलारेनचा हॅमिल्टन आणि फेरारीचा मासा दोघांच्याही नावावर 5-5 विजय होते आणि हॅमिल्टन सात पॉइंट्सने पुढे. त्याला पाचवा नंबर पुरेसा होता, आणि रेसभर तो पाचव्या नंबरासाठीच गाडी चालवत होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटी पाऊस आला, व्हेटेल हॅमिल्टनच्या पुढे निघून गेला, हॅमिल्टन सहाव्यावर घसरला, मासाने रेस जिंकली, फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे घरचे नाचायला लागले, आणि तेवढ्यात अगदी शेवटच्या वळणांवर पावसात ड्राय (कोरड्या ट्रॅकच्या) टायरवर रांगत असलेल्या टोयोटाच्या ग्लॉकला हॅमिल्टनने गाठलं. 98 विरुद्ध 97. मासाचे विजय झाले 6, हॅमिल्टनचे 5. पोडियमवर डोळ्यांत पाणी आणि छातीवर मूठ मारत उभा राहिलेला मासा आठवला की आजही गलबलून येतं.

त्यानंतर एफ-वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी मेडलची कल्पना लावून धरली: जास्त सुवर्ण ज्याचे, तो चॅम्पियन. मार्च 2009 मध्ये एफआयएने, म्हणजे या खेळाचे नियम करणाऱ्या संस्थेने, खरोखरच जास्त विजयांवर चॅम्पियन ठरवायचं जाहीर केलं. टीम्सनी विरोध केला आणि सीझन सुरू व्हायच्या आत निर्णय मागे गेला. बरंच झालं. त्या नियमात एखाद्याने पहिल्या दहा-बारा रेस जिंकल्या की उरलेलं वर्ष त्याने घरी बसून टीव्ही बघितला तरी चालेल.

मासा आज कोर्टात भांडतोय, त्याचा मात्र पॉइंट्सच्या नियमाशी संबंध नाही. 2008 लाच सिंगापूरला रेनॉ टीमने आपला ड्रायव्हर पिके याला मुद्दाम गाडी भिंतीवर घालायला लावली होती, आणि त्यात आपलं नुकसान झालं असं मासाचं म्हणणं. ती सरळसरळ फसवणूक. हे दोन विषय एकत्र करू नका.

या वादात सगळ्यात जास्त ओढलं जाणारं साल म्हणजे 1988, मॅकलारेनच्याच दोघांची, अ‍ॅलन प्रोस्ट आणि आयर्टन सेनाची लढत. तेव्हा विजयाला 9, दुसऱ्याला 6, आणि 16 रेसपैकी सर्वोत्तम 11 निकालच धरायचे. प्रोस्टने 14 रेस पूर्ण केल्या: 7 पहिला, 7 दुसरा. एकूण 105 पॉइंट्स. सेनाचे एकूण 94. पण प्रोस्टचे तीन दुसरे नंबर, म्हणजे 18 पॉइंट्स, हिशोबातून गेले आणि उरले 87. सेनाचे 8 विजय आणि 3 दुसरे नंबर मिळून 90. चॅम्पियन सेना. प्रोस्टचे चाहते आजही म्हणतात, 11 पॉइंट्स जास्त मिळवणारा माणूस हरला कसा?

पण सेना त्या वर्षी कसा चालवत होता ते बघा. मोनॅकोला प्रचंड आघाडी असताना त्याने गाडी भिंतीवर घातली. मॉन्झाला दोन लॅप उरलेले असताना मागे पडलेल्या गाडीला ओव्हरटेक करायला गेला आणि धडकला. त्याला अशी शून्यं परवडत होती, कारण वाईट निकाल तसेही गळणार होते. प्रोस्ट ज्या शिस्तीने गाडी शेवटपर्यंत आणायचा तिला त्या नियमात मोल कमी होतं, सेनाच्या आक्रमकपणाला जास्त. सुझुकाला सुरुवातीलाच इंजिन बंद पडून सेना चौदावा गेला, तिथून गाड्या मागे टाकत त्याने रेस जिंकली आणि चॅम्पियनशिपही. सगळे निकाल मोजले जाणार असते तर त्याने वर्षभर असं चालवलंच नसतं. 1991 पासून सगळे निकाल धरायला लागले, विजयाला 10 पॉइंट्स झाले, आणि गाड्याही पूर्वीइतक्या बंद पडेनाशा झाल्या. तो बदल योग्यच होता. पण 1988 चा चॅम्पियन सेनाच.

यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. एफ-वनमध्ये पॉइंट्स मिळवलेला भारतीय ड्रायव्हर एकच, नारायण कार्तिकेयन. 2005 ला इंडियानापोलिसमध्ये मिशेलिन टायरच्या गाड्या रेसमधून बाहेर पडल्या, सहाच गाड्या धावल्या आणि नारायण जॉर्डनमधून चौथा आला. मिळाले 5. सेनाच्या काळात 3 मिळाले असते, आज 12. आकडा कुठलाही लावा, नारायणने त्या दिवशी चालवलेली गाडी तीच राहते.

मग काय, पॉइंट्सच्या नियमावर बोलायचंच नाही का? उलट भरपूर बोलायला हवं, पण पुढच्या सीझनसाठी.

पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात किती अंतर असावं, हा या विषयाचा गाभा आहे. 1991 ते 2002 मध्ये 10 आणि 6 होतं, म्हणजे दुसऱ्याला विजयाच्या 60 टक्के. 2002 मध्ये शूमाकरने जुलैमध्येच, सहा रेस बाकी असताना, चॅम्पियनशिप खिशात घातली. चुरस टिकावी म्हणून 2003 पासून 10 आणि 8 केलं. दुसऱ्याला थेट 80 टक्के! त्या वर्षी शूमाकरचे 6 विजय, रायकोनेनचा एकच, आणि शेवटी फरक 93 विरुद्ध 91. चुरस वाढली हे खरं, पण जिंकण्याची किंमत पार उतरली. दुसऱ्या नंबरावर असलेल्या ड्रायव्हरने दोन पॉइंट्ससाठी जीव का धोक्यात घालावा? 2010 पासून 25 आणि 18 आलं, म्हणजे 72 टक्के. माझ्या मते हेही थोडं जास्तच आहे. दुसऱ्याला 16 द्या, पहिल्यासाठी झुंजणारे वाढतील. मॅक्सला त्याचा फायदा होईल की नॉरिसला, याच्याशी मला देणंघेणं नाही.

खरा राग मला येतो तो सगळ्या रेसना एका मापाने न मोजणाऱ्या नियमांचा. 2014 मध्ये फक्त अबू धाबीला दुप्पट पॉइंट्स ठेवले होते. हॅमिल्टनचे 11 विजय, त्याचा टीममेट आणि प्रतिस्पर्धी रोसबर्गचे 5, तरीही हॅमिल्टनला शेवटच्या रेसपर्यंत धाकधूक. तिथे त्याची गाडी बंद पडली असती तर काय अनर्थ झाला असता! सुदैवाने हॅमिल्टनच जिंकला आणि पुढच्या वर्षी तो नियम गेला.

आणि बेल्जियममधलं स्पा, 2021. लोक तासन्‌तास पावसात उभे. गाड्या सेफ्टी कारच्या (वेग रोखून धरणाऱ्या गाडीच्या) मागे थोड्या लॅप फिरल्या, एकही ओव्हरटेक नाही, एका सेकंदाचंही रेसिंग नाही, आणि निकाल लावून अर्धे पॉइंट्स वाटले. व्हर्स्टापनला 12.5, हॅमिल्टनला 7.5. मॅक्सचा चाहता म्हणूनही मला ते पॉइंट्स तेव्हा पटले नाहीत, आजही पटत नाहीत. त्या वर्षी दोघे 369.5 अशा बरोबरीने अबू धाबीला आले. स्पा वगळलं तर हॅमिल्टन 5 पॉइंट्सने पुढे असता. नियमात तशी सोय होती म्हणून मॅक्सने ते घेतले, त्याचा दोष नाही. पण जी रेस झालीच नाही तिचे पॉइंट्स कोणालाच मिळायला नकोत. 2022 पासून किती लॅप झाले त्यानुसार टप्पे केले, ती सुधारणा स्पाच्या संतापामुळेच झाली. अशा वेळी चाहत्यांनी ओरडलंच पाहिजे.

सर्वात वेगवान लॅप करणाऱ्याला मिळणाऱ्या जादा पॉइंटचंही तेच. सिंगापूर 2024 ला रिकार्डो शेवटून फिरत होता, त्याने नवे टायर टाकून नॉरिसचा तो लॅप हिसकावला. स्वतः पहिल्या दहात नसल्याने रिकार्डोला पॉइंट मिळणार नव्हता, फायदा फक्त नॉरिसशी लढणाऱ्या मॅक्सला. 2025 पासून तो पॉइंटच काढून टाकला, उत्तम झालं. आता स्प्रिंटकडे बघा. शंभर किलोमीटरची रेस, पिट स्टॉपची (टायर बदलायला थांबण्याची) सक्ती नाही, आणि जिंकणाऱ्याला 8 पॉइंट्स, म्हणजे पूर्ण ग्रां प्रीमधल्या सहाव्या नंबराइतके. स्प्रिंट ठेवायची तर ठेवा, पण तिचा कप वेगळा करा.

2025 कडे परत येतो, कारण मॅक्सवाल्यांचं आवडतं शस्त्र म्हणजे मॉन्झा. तिथे नॉरिसचा पिट स्टॉप रखडला, पियास्त्री पुढे गेला आणि मॅकलारेनने त्याला जागा परत द्यायला लावली. नॉरिसला 3 पॉइंट्स जास्त मिळाले. ते नसते तर 420 विरुद्ध 421. मलाही ती टीम ऑर्डर आवडली नाही. पण मग बार्सिलोनाही मोजा. तिथे मॅक्स रसेलवर जाऊन आदळला, दहा सेकंदांची पेनल्टी बसली, पाचव्याचा दहावा झाला. दहाच्या जागी एक. हे 9 पॉइंट्स कुठल्याही नियमाने नाही घालवले, मॅक्सने स्वतः घालवले. चॅम्पियनशिप दोनने गेली. ही रेस आपल्या तक्त्यात का दिसत नाही?

आणि कतार. शेवटच्या लॅपच्या आधी मर्सिडीजचा किमी अँटोनेली चौथा होता, नॉरिस त्याच्या मागे. अँटोनेलीच्या गाडीचा मागचा भाग सुटला, तो ट्रॅकबाहेर गेला आणि नॉरिसला 2 पॉइंट्स जास्त मिळाले. रेड बुलच्याच लोकांनी आधी त्याने मुद्दाम वाट दिली असा सूर लावला, आणि मग त्या 19 वर्षांच्या पोरावर शिव्यांचा आणि जिवे मारायच्या धमक्यांचा पाऊस पडला. पुढे टीमने तसं काही नव्हतं असं निवेदन काढलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 2008 ला ग्लॉकने हेच भोगलं. टोयोटाने ड्राय टायरवर राहायचा जुगार खेळला म्हणूनच तो मुळात हॅमिल्टनच्या पुढे आला होता, हे कोणी लक्षातच घेतलं नाही. 2021 ला अबू धाबीत विल्यम्सच्या लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, त्यालाही धमक्या. तिघांपैकी एकालाही चॅम्पियनशिपशी घेणंदेणं नव्हतं.

नॉरिस कतारला पाचवाच राहिला असता तर अबू धाबीला त्याला दुसरा नंबर लागला असता, आणि मग त्याने पहिल्या लॅपला पियास्त्रीला बाहेरून जाऊ दिलं नसतं. तिथून पुढे काय झालं असतं हे कोणालाही माहीत नाही. मॅक्सचे चाहते म्हणवणाऱ्या ज्यांनी अँटोनेलीच्या फोटोंखाली जाऊन घाण लिहिली, त्यांनी आज ती कमेंट शोधून काढून टाकावी. पुढच्या सीझनला तो पोरगा परत ग्रिडवर असणार आहे, मॅक्सही असणार आहे, आणि मला दोघांची रेस बघायची आहे.