साधेपणाचा खर्च वेगळा

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्याच रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं की नाताळ साधेपणाने साजरा करा, दिखाव्यावर पैसे उधळू नका, घरात आहे त्यात भागवा. प्रवचन चांगलं होतं, माझी काही तक्रार नाही, पण फादरांना संसार नाही त्यामुळे असलं वाक्य घरी गेल्यावर काय रूप घेतं हे त्यांना कळायचं कारण नाही. आमच्या नवऱ्याने तर घरी जायचीही वाट बघितली नाही. चर्चच्या आवारातच, नणंद, दोन्ही जावा आणि मावशींच्या समोर जाहीर करून टाकलं, यंदा सजावट, गोठा (येशूजन्माचा देखावा), गिफ्टं सगळं घरी करायचं, बजेट दीड हजार. सगळ्यांनी वा वा केलं. वा वा करणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरी काहीही व्हायचं नव्हतं.

आता आमच्या वसईत घरी करणं ही काय नवी गोष्ट नाही. पूर्वी सगळं घरीच व्हायचं, तारा घरचा, गोठा घरचा, कुलकुल (नाताळातला तळलेला गोड पदार्थ) घरचे. पण पूर्वी ज्या गोष्टी फुकट होत्या त्या आता फुकट राहिल्या नाहीत हा मुद्दा नवऱ्याने बजेट करताना धरलाच नव्हता. त्याने धरले होते मोबाईलवरचे व्हिडिओ. त्या व्हिडिओतली बाई गोड हसून सांगते की हे सगळं सामान तुमच्या घरात असतंच, आणि मग टेबलावर काढून ठेवते ग्लू गन, सोनेरी स्प्रे, तागाची दोरी आणि पाइनची शंकूसारखी असतात ना ती फळं. आमच्या घरात यातलं काय होतं तर टेबल.

पाइनच्या फळांवर उपाय निघाला, सुरूची फळं. सुरुची बागेच्या किनाऱ्यावर सुरूखाली ही ढिगाने पडलेली असतात, बोटाच्या पेराएवढी, अगदी पाइनची धाकटी भावंडं. मुलांनी पिशवी भरून आणली, सोनेरी स्प्रे मारला, स्प्रेचा डबा अडीचशेचा, आणि सुकायला पॅसेजमधे पेपरावर पसरली. रात्री लाईट न लावता बाथरूमला गेलेल्या बाबांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) त्यावर पाय दिला. सुरूच्या फळाला बारीक टोकं असतात. बाबा शांत माणूस आहे, पण त्या रात्री त्यांच्या तोंडून जे निघालं ते आगमनकाळात बसणारं नव्हतं.

मग तारा. बाजारात घडीचा प्लास्टिकचा तारा दीडशेला मिळतो, उघडला की झाला. पण बाबा म्हणाले कामट्यांचाच करायचा, मी शिकवतो. बुरुडाकडे गेलो तर तो म्हणाला दिवाळीत का नाही आलात, तेव्हा कंदिलासाठी तासूनच ठेवल्या होत्या, आता अख्खा बांबू घ्या. घेतला. बाबा ओट्यावर बसून कोयत्याने कामट्या काढायला लागले आणि आजूबाजूची सगळी पोरं जमली. करायचं असं असतं की पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या, मग टोकाला टोक दोऱ्याने बांधायचं आणि मधे जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे दोन्ही चांदण्यांच्या मधे छोट्या काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे ताऱ्याला पोट येतं. ऐकायला सोपं आहे. चार काड्या बसल्या आणि पाचवी बसवताना पहिली उडते, ती उडून नेमकी नवऱ्याच्या चष्म्यावर जाते, आणि नवरा म्हणतो ग्लू गन मागवूया. ग्लू गन साडेचारशेची. एकदाच घ्यायची वस्तू आहे म्हणून ती बजेटमधे धरायची नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका.

कागद चिकटवायला मैद्याची खळ केली. सासूबाईंनी आठवण केली की नुसत्या खळीला झुरळं आणि उंदीर लागतात, मोरचूद घाला. बरोबरच आहे, बाइंडिंगवाले घालतातच. बाबांकडे पानवेलीच्या फवारणीचं मोरचूद पडलेलं असतं, त्यांनी चिमूट म्हणता म्हणता चमचा घातला. त्यामुळे आमच्या पांढऱ्या पतंगी कागदाच्या ताऱ्यावर जागोजागी निळसर डाग आहेत आणि एकही झुरळ आजतागायत त्याच्या जवळ फिरकलेलं नाही. तारा वर चढवला, आत एलईडी बल्ब लावला (साठ वॉटचा लावायचे तेव्हा एक तारा पेटला होता, ती गोष्ट दरवर्षी ऐकावी लागते), आणि लक्षात आलं की एक टोक जास्तच लांब झालंय आणि सगळा तारा त्या बाजूला कललाय. बाबा बराच वेळ खालून बघत होते. मग म्हणाले, "हा बेथलेहेमला नाही नेणार, हा नालासोपाऱ्याला नेईल."

गोठा हे खरं प्रकरण. बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे नाताळात क्रिसमस ट्रीपेक्षा गोठ्याला मान असतो, गावागावात स्पर्धा असतात, लोकं रात्री घरोघर गोठे बघत फिरतात. ही सगळी पद्धत रुजवली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी, 1223 साली, इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावात. त्यांनी काय केलं होतं, तर गव्हाणीत गवत टाकलं आणि खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. बस. गरिबीचं व्रत घेतलेला माणूस. आणि आता त्यांच्या नावाने स्पर्धेतल्या गोठ्यात मोटरवर धबधबा चालतो, रेल्वे फिरते, डोंगराआडून धूर येतो. मला कोणाच्या हौसेला नावं ठेवायची नाहीत, पण एका गोठ्यात मी बाळ येशू शोधत होते आणि मागची बाई म्हणाली, ताई पुढे सरका, धबधबा दिसत नाही.

तर आमचा साधा गोठा. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली ती चांगलीच झाली, पण त्याआधीचे आमचे डोंगर, विहीर, पूल सगळं थर्माकोलचं होतं. यंदा डोंगरासाठी फ्रिजचा खोका फाडला आणि त्यावर जुनी गोणपाटं खळीत भिजवून टाकली. ती वाळल्यावर खरंच डोंगरासारखी दिसतात, हे मी मान्य करते. ओली असताना मात्र त्या गोणीत आधी काय भरलेलं होतं ते घरभर कळतं. आमच्या गोणीत सुकी मासळी होती.

छपरासाठी पेंढा हवा. पूर्वी वसईत पेंढा मागायला लागायचा नाही, भात कापून झालं की उडव्या उभ्या असायच्या, कोणाच्याही शेतातून पेंडी उचला. आता जिथे शेत होतं तिथे सात मजले आणि पार्किंग आहे. नवरा स्कूटरवरून तबेल्यात गेला. तबेलेवाल्याने विचारलं किती म्हशी आहेत तुमच्या. नवऱ्याने सांगितलं म्हशी नाहीत, येशूसाठी पाहिजे. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. उलट अख्खा भारा बांधून दिला आणि वर पाया पडला. आता एवढ्या भाऱ्याचं करायचं काय? तो स्कूटरवर पुढे-मागे लटकवून आणताना निम्मा रस्त्यावर सांडला, उरलेला हॉलमधे आला, आणि त्यातल्या पिसवा आमच्यासोबत राहायला आल्या. पेंढा फुकट पडला. पिसवांच्या औषधाला एकशे ऐंशी.

मूर्तींचा सेट नवीन घ्यायचा नाही असं ठरलेलं. जुन्या सेटमधे मरिया, योसेफ, बाळ, गाय शाबूत, ताऱ्यामागून बाळ येशूला बघायला बेथलेहेमला आलेल्या तीन राजांमधले दोनच, मेंढरं भरपूर पण एकेक वेगळ्या दुकानातलं त्यामुळे एक मेंढरू गायीएवढं आहे. मेंढपाळ तर एकही नाही. धाकट्याने शेजारच्या काकूंच्या नातवाकडून दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा उसना आणला. भाला काढून हातात काठी दिली, अंगावर सासूबाईंच्या जुन्या शालीचा तुकडा घोंगडीसारखा टाकला, आणि तो इतका शोभला की बघायला येणारे सगळे विचारत होते मेंढपाळ कुठून आणला, चेहऱ्यावर काय तेज आहे! तेज असणारच. फक्त त्याची नजर मेंढरांवर नाहीये, तो सारखा दाराकडे बघतो, पहारा देतो. तिसरा राजा अजून वाटेत आहे असं मुलांना सांगितलंय, 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो तोपर्यंत मुदत आहे.

आणि गवत. गोठ्यासमोर हिरवळ हवी म्हणून ताटलीत माती घालून गहू पेरतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं, आम्ही घटाला पेरतो तसंच की, नऊ दिवसांत येतं. धाकट्याला घाई, त्याने पहिल्या रविवारीच पेरलं आणि रोज दोन वेळा पाणी. 24 तारखेपर्यंत गव्हाने असं डोकं वर काढलं की राजे गळ्यापर्यंत गवतात, उंटाचं फक्त कुबड दिसतंय आणि मेंढरं बेपत्ता. शेवटी बाबांनी मिशी कापायची कात्री आणली आणि रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) निघायच्या आधी, कोट घालून, बेथलेहेमची कटिंग केली.

आता गिफ्टं. इथे खरं गणित आहे आणि ते नवऱ्याला कधीच कळणार नाही. दिवाळीत आमच्याकडे सतरा घरांतून फराळ आला. चकली, चिवडा, अनारसे, सगळं आम्ही खाल्लं, मुलांनी तर सुट्टीनंतर शाळेचे डबेही त्यावर काढले. म्हणजे नाताळात सतरा ताटं जाणार, त्यातून सुटका नाही. ते गिफ्ट नाही, ते कर्ज आहे. वर ऑफिसच्या सीक्रेट सांताला दोनशेच्या आतलं काहीतरी, नणंदा-जावा, मुलांच्या टीचर वेगळ्या.

ताटासाठी कुलकुल. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, साखर, गोळा मळायचा आणि चिमटीएवढा गोळा घेऊन फणीच्या दातांवर दाबून अंगठ्याने गुंडाळत आणायचा, म्हणजे वर रेघा उमटतात आणि शिंपल्यासारखा वळतो. सासूबाईंची कुलकुलाची फणी वेगळी होती, लग्नापासूनची, वर्षभर कपाटात साडीच्या घडीत. मागच्या नाताळात माझ्या दिराने मिस्साला जाताना घाईत तिने केस विंचरले. त्यानंतर त्या फणीचं काय झालं ते घरात कोणी बोलत नाही, दीरही बोलत नाही. यंदा दहा रुपयांची नवी आणली तर तिचे दात इतके बारीक की रेघा उमटेचनात. मग काटे-चमचे निघाले. सगळं घर चटईवर बसलं, थोरली बारके सुबक वळते, धाकटा सापासारखे लांब, आणि नवरा एवढाले की वरून लाल होतात आणि आतून कच्चे राहतात.

यात स्वस्त काय होतं? नवरा म्हणाला नारळ तर घरचे आहेत. हो, नारळ घरचे आहेत, माडावर चढणारा घरचा नाही. तो झाडामागे पैसे घेतो, त्याची वेळ मिळवायलाच आधी चार फोन, आणि नारळ उतरवल्यावर चहासोबत आमचेच कुलकुल खातो. तेलाचं तर बोलूच नका. एवढं करून ताट दिल्यावर शेजारच्या काकू प्रेमाने काय म्हणाल्या, "छान झालीत गं शंकरपाळी."

नारळ फोडले म्हणून करवंट्या साठल्या आणि त्यातून निघाल्या मेणबत्त्या. हे मात्र माझंच डोकं, म्हणून जरा सविस्तर सांगते. करवंटी घासून काचपेपरने गुळगुळीत केली की सुंदर दिसते. ती लवंडते म्हणून खाली जुनी बांगडी चिकटवली, बसली एकदम ठाम (इथे ग्लू गन कामाला आली, पण हे नवऱ्यासमोर बोलायचं नाही). लाईट जाते म्हणून ड्रॉवरमधे साठलेले मेणबत्तीचे तुकडे डब्यात घालून डबा गरम पाण्यात ठेवून वितळवले, कमी पडलं तेव्हा किलोभर मेण विकत आणलं. वास यावा म्हणून थोरलीने केकचा व्हॅनिला इसेन्स ओतला. तो मेणात मिसळत नाही, तडतडतो आणि खाली जाऊन बसतो. मेण थंड होताना मधे खड्डा पडतो, त्यात परत ओतावं लागतं. आणि ज्या अर्ध्या करवंटीला नारळाचे तीन डोळे असतात ना, त्यातला एक मऊ असतो, तिथून सगळं मेण हळूहळू गळून सासूबाईंच्या दूध तापवायच्या पातेल्यात उतरलं, कारण ट्रे म्हणून मी तेच घेतलं होतं.

तरी ज्या झाल्या त्या दिसायला झकास झाल्या. कागदात गुंडाळून, रिबीन बांधून, दोन सोनेरी सुरूची फळं लावून दिल्या. हिशोब नवऱ्याने वहीत लिहिला होता, शेवटची ओळ त्याने पेन्सिलीने लिहिली आहे आणि ती मला दाखवत नाही.

मेणबत्त्यांचं कौतुक मात्र फार झालं. परवा शेजारच्या काकू मुद्दाम आल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, यंदा वाण म्हणून तुझ्या करवंटीच्या मेणबत्त्याच लुटाव्या म्हणते, साठ दे, तुला काय गं, घरीच करतेस, फुकटातच पडत असतील. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आतून नवरा आला, म्हणाला, काकू नक्की! आणि माझ्याकडे वळून, "साठ म्हणजे तीस नारळ, माडावर चढणाऱ्याला आत्ताच फोन करतो."

मी म्हणलं, साठ नारळ सांग, डोळ्यांची बाजू गळते.